चहा कोणी ओतायचा

"टोपी काढायची नाही," मिसेस हॉब्डेंनी लेकीला पुन्हा बजावलं. "खाज सुटली तरी नाही. पाहुण्या बायका टोपी घालून बसतात. घरची बाई तेवढी उघड्या डोक्यानं असते."

"आणि मी?" मिस्टर हॉब्डेंनी विचारलं. त्यांचं स्विंडनला खिळे-बिजागऱ्यांचं दुकान होतं.

"तुम्ही बशीत ओतून चहा प्यायचा नाही. एवढं एक जमवलंत तरी पोरीचं लग्न होईल."

म्युरिएलचं लायनेल ऍशकोमशी जमल्यात जमा होतं. अडलं होतं त्याच्या विधवा आईपाशी. हॉब्डे मंडळींनी तिला अजून पाहिलंही नव्हतं. तिनं आज चहाला बोलावलं होतं आणि लायनेल लंडनहून संध्याकाळच्या गाडीनं येणार होता.

"आमची आई पाहुण्यांना कधी ओशाळं होऊ देत नाही," त्यानं म्युरिएलला कौतुकानं सांगितलं होतं. एकदा एक पाद्रीबुवा तिच्या खुर्चीत जाऊन बसले, तर बाई सगळा वेळ खिडकीपाशी उभी राहून हसतमुखानं गप्पा मारत राहिली. पाद्रीबुवांना पुन्हा बोलावणं गेलं नाही, एवढंच. लायनेलच्या आधीच्या मैत्रिणीलाही ती वावगं काही बोलली नव्हती.

त्या 'एवढंच'नं मिसेस हॉब्डेंची झोप उडवली होती. भांडकुदळ विहीण परवडली. गोड हसून दार लावणारीशी झगडणार कसं?

ऍशकोमांच्या फाटकातून आत शिरताच मिस्टर हॉब्डेंचा बूट चिखलात गेला.

"झालं!" मिसेस हॉब्डे म्हणाल्या. "आता हा पाय घेऊन त्यांच्या गालिच्यावर नाचा."

शेवटी घराला वळसा घालून मंडळी मागे गेली, बूट गवतावर पुसला आणि मागच्या उघड्या दारानं, बोळातून दबकत दबकत दिवाणखान्यात पोचली.

आत चहा मांडलेला होता. सोफ्यावर जांभळी टोपी घातलेल्या एक भारदस्त बाई बसल्या होत्या. त्या लगबगीनं उठल्या.

"आलात! मी वाटच बघत होते."

मिसेस हॉब्डेंची नजर टोपीवर गेली. स्वतःच्या घरात टोपी? पण बड्या लोकांना कोण विचारणार? घर गारठलेलं असेल. नाव विचारायची तर सोयच नव्हती. आपण कुणाकडे आलोय हेच माहीत नाही, असा त्याचा अर्थ झाला असता.

सगळे बसले. जांभळ्या टोपीनं चहाच्या किटलीकडे पाहिलं, मग मिसेस हॉब्डेंकडे. मिसेस हॉब्डेंनी किटलीकडे पाहिलं, मग जांभळ्या टोपीकडे. वाफ विरळ होत चालली.

"तुम्ही ओतताय ना?" बाईंनी अखेर विचारलं.

मिसेस हॉब्डेंना भरून आलं. चहा ओतायचा मान घरच्या बाईचा. तो दुसरीला द्यायचा म्हणजे ती घरातलीच मानायची. पोर निम्मी पसंत पडली! त्यांनी आधी चहा ओतला, मग दूध. थेंब सांडला नाही.

"पडदे काय सुंदर आहेत!" बाई म्हणाल्या.

"फारच सुंदर," मिसेस हॉब्डेंनी मनापासून दुजोरा दिला. "असे पडदे अख्ख्या जिल्ह्यात नसतील."

बाईंच्या भुवया किंचित वर गेल्या. आपण कमी पडलो की काय, म्हणून मिसेस हॉब्डेंनी आरशाची, पियानोची आणि छताचीही तोंड भरून स्तुती केली. भुवया खाली येईनात.

तेवढ्यात फुर्र असा आवाज झाला. मिस्टर हॉब्डेंच्या ओठांना बशी लागली होती.

"अहो!"

"सवय गं. चुकून."

"पिऊ दे हो," बाई हसल्या. "घरात कसला आलाय संकोच!"

मिसेस हॉब्डेंचा जीव भांड्यात पडला आणि लगेच वर आला. हसून बोलली. म्हणजे बोलावणं बंद!

इतक्यात बागेकडचं दार उघडलं. एक म्हातारी धापा टाकत आत आली. मातीनं माखलेला एप्रन, विस्कटलेले पांढरे केस, त्यांत एक पान अडकलेलं, हातात बागेतली कात्री.

"माफ करा हं, मधमाश्यांचं मोहोळ उठलं, म्हणून मला जरा..."

ती सगळी माती आता पडद्यांवर उडणार, असं मिसेस हॉब्डेंना दिसलं. होणाऱ्या विहिणीवर छाप पाडायची याहून चांगली संधी कुठली?

"माश्यांचं राहू दे," त्या करारीपणे म्हणाल्या. "चहा पार निवला. गरम पाणी आण आधी. आणि काकडीच्या सँडविचच्या कडा कापायच्या असतात, हे कुणी शिकवलं नाही का तुला?"

म्हातारीनं मिसेस हॉब्डेंकडे पाहिलं. मग जांभळ्या टोपीकडे. जांभळी टोपी मान डोलावत होती.

"बरं," म्हातारी हसून म्हणाली आणि पाण्याचं भांडं उचलून निघाली. म्युरिएल तिच्यासाठी दार धरायला उठली.

"बस खाली," आई पुटपुटली.

"आई, तिचं हसणं अगदी..."

"नंतर."

पाणी आलं. कडा कापलेली सँडविचं आली. म्हातारी पुन्हा पुन्हा येत-जात राहिली, दर वेळी तितकीच हसतमुख. बाईंनी म्युरिएलला जवळ बसवून घेतलं, तिचा हात हातात घेतला. "गुणाची आहे हो पोर. जिची सून होईल तिनं नशीब काढलं!"

मिसेस हॉब्डेंनी डोळे मिटून घेतले. जिंकलं. आता लायनेल आला की तारीख.

घड्याळाचे ठोके पडले. बाई उठल्या, हातमोजे चढवले आणि मिसेस हॉब्डेंचे दोन्ही हात हातात घेतले.

"निघते आता, मिसेस ऍशकोम. या गावात नवीन आले मी, आणि तुम्ही आपणहून चहाला बोलावलंत. एवढं मोठं घर एकाच मोलकरणीवर चालवता, कमाल आहे तुमची!"

मिसेस हॉब्डेंनी सावकाश मान वळवली. त्या खोलीत टोपी नसलेली बाई एकच होती, आणि ती पाण्याचं भांडं घेऊन दारात हसतमुखानं उभी होती.