खात्याचा धनी

उज्ज्वला आंघोळीला गेली की तिचा नवरा भास्कर तिचा फोन उघडायचा, बापाचा माल असल्यासारखा. आठ महिने हेच चाललं. फोन पासवर्ड मागत नव्हता. रोज हाताळणाऱ्याला चेहऱ्यावरून ओळखायला शिकायचा. हळूहळू तो भास्करलाच उज्ज्वला समजायला लागला.

एकदा संशयानं पेटून भास्करनं तिच्या साहेबाला तिच्याच खात्यावरून लिहिलं, "पुन्हा मेसेज केलास तर जीव घेईन."

दुसऱ्या दिवशी हवालदारबाई आल्या. उज्ज्वला जिन्यात बाहेर आली, मागोमाग भास्कर. "मीच उज्ज्वला डोईफोडे. पण धमकी मी दिली नाही."

बाईंनी तिच्या चेहऱ्यासमोर खातं कुणाचं ते तपासायचं यंत्र धरलं. लाल दिवा लागला. भास्करसमोर हिरवा.

"चला, उज्ज्वलाबाई," त्या भास्करला म्हणाल्या.

"अहो, मी नवरा आहे तिचा! बायकोचा फोन नवऱ्यानं बघू नये होय?"

"खातं उघडेल तोच खात्याचा धनी. आता निस्तरा."

"उज्जू, सांग की गं यांना, मी कोण ते!"

"यंत्र खोटं बोलत नाही म्हणतात," उज्ज्वला शांतपणे म्हणाली.

बाई त्याला घेऊन गेल्या. ती घरात जायला वळली, तर दार लागलेलं. त्याच खात्याला जोडलेल्या कुलपानं तिचा चेहरा निरखला आणि अदबीनं विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?"