पांढरी फौज

"दुप्पट! पांढऱ्या पेशी कालच्यापेक्षा दुप्पट झाल्या!" प्रभाकररावांनी रिपोर्टचा कागद वॉर्डाच्या दारातूनच उंच धरला.

नात महिन्याची होती. डांग्या खोकला झाला होता. पहिली लस दीड महिन्याला टोचतात, तेवढी सवड रोगाने दिली नाही. वर्ध्याच्या या दवाखान्यात काचेच्या पलीकडे ती नळ्यांच्या गुंत्यात निजली होती आणि अलीकडे तिच्या आजोबांनी शाळा भरवली होती.

शाळा भरवण्यात त्यांचा जन्म गेला होता. सातवीपर्यंतच्या पोरांना विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले. शरीर म्हणजे राज्य आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे त्याचे शिपाई, हा धडा ते असा रंगवायचे की मागच्या बाकावरचेही गप्प बसायचे. आता बाकावर सून अंकिता होती, मुलगा धनंजय होता आणि शेजारच्या खाटेवरच्या पोराची आजी कमलाबाई होती. सकाळी रक्ताचा रिपोर्ट यायचा. शिपाई वाढलेले असायचे. मग धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

"काऊन रडून राह्यली, अंकिता? फौज वाढली. आता रोगाचं काही खरं नाई."

अंकिताला ते खरं मानायचं होतं. तिला दिसत होतं ते वेगळंच होतं. लेक काल खोकत तरी होती. आज खोकण्याचीही ताकद नव्हती, नुसती मधूनमधून निळी पडत होती. पण सासऱ्यांशी वाद घालायची घरात सोय नव्हती, आणि आकडे तर त्यांच्याच बाजूने बोलत होते.

डॉक्टर रक्षा आल्या त्या जवळजवळ धावतच. त्या सातवीत प्रभाकररावांच्या वर्गात होत्या, हे एव्हाना वॉर्डातल्या झाडूवालीलाही ठाऊक झालं होतं. गुरुजींनी तशी व्यवस्थाच केली होती.

"पाह्यलं का, रक्षा? दुप्पट!"

"पाह्यलं, गुरुजी. म्हणूनच आली. त्या पेशी काढाव्या लागतील. आजच, आत्ताच. बाळाचं रक्त थोडं थोडं काढायचं अन् तेवढंच दुसऱ्याचं भरायचं. धनंजयची सही पाहिजे."

पोरगी थट्टा करते आहे असं गुरुजींना वाटलं. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि ते भडकले.

"लढाई सुरू आहे अन् तू फौजच काढून घेतं? हे शिकवलं का मी तुले?"

कमलाबाईंनी कानांवरचा पदर मागे सारला. रक्षा उभ्या उभ्याच बोलू लागल्या, फळ्यापुढे उत्तर सांगायला उभं केल्यासारख्या. फुफ्फुसात मूळच्या राखणदार पेशी असतात. जंतू शिरले तेव्हा त्यांनी मदतीला हाका मारल्या. रक्तातून फौज निघाली, इथपर्यंत गुरुजींचा धडा बरोबरच होता. पण या रोगाचे जंतू विष सोडतात. त्या विषाने पेशींना रक्तातून बाहेर पडून फुफ्फुसात शिरताच येत नाही. आत जंतू मोकाट, बाहेर फौज खोळंबलेली आणि मागून नवी येतेच आहे. आता त्याच गर्दीने फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. एवढंसं हृदय त्यातून रक्त ढकलून ढकलून थकत चाललं होतं.

धनंजय हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होता.

"म्हंजे गेट बंद, अन् कापसाच्या गाड्या सगळ्या हायवेवर?"

"तसंच," रक्षा म्हणाल्या.

"मंग तर रस्ताच बंद. पेशंटची गाडीही जात नाई तिथून."

त्याला समजलं होतं. तरी पेन त्याच्या हातात नुसतंच राहिलं. त्याने वडिलांकडे पाहिलं. कॉलेज कोणतं, नोकरी कोणती, बायको कोणती, प्रत्येक वेळी आधी त्यांची मान हलली होती आणि मग त्याची.

प्रभाकरराव रक्षाच्या बोलण्यात चूक शोधत होते. वह्या तपासून तपासून त्यांची नजर त्यात तयार झाली होती. चूक सापडेना. काचेपलीकडे नर्स बाळाची पाठ चोळत होती. ओठ पुन्हा निळे पडले होते. सकाळपासून ज्या आकड्यावर ते खूश होते, त्याचीच आता त्यांना भीती वाटू लागली. ते चांगलेच घाबरले.

"नाई काढल्या तर?"

"हृदय संध्याकाळपर्यंतही दम धरेल असं वाटत नाई."

"अन् काढल्यावर वाचते?"

"वाचतेच, असं मी म्हणत नाई, गुरुजी. जंतूंवर औषध सुरू आहे. पण आज तिले श्वास तर घेता आला पाहिजे."

अंकिता उठली. सासऱ्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर खाली पडला होता, तिने तो सावरला नाही. प्रभाकररावांना तिच्याकडे बघवेना.

"सही कर, धनंजय."

"पन बाबा, तुम्हीच तर आतापर्यंत सांगून राह्यले होते, का फौज..."

"मी सातवीपर्यंतच शिकवलं रे बापा. पुढचं रक्षा शिकून आली."