खोटा पेशंट

अॅम्ब्युलन्स कोर्सच्या दुसऱ्या पातळीला ती दोनदा आपटली होती. आज तिसरी खेप. परीक्षेत पेशंटचं सोंग सर स्वतःच घ्यायचे, आणि असं वठवायचे की भल्याभल्यांची गाळण उडायची. नियम मात्र कडक: छाती दाबायची ती फक्त रबरी बाहुलीची, सरांवर जोर लावलात, तर तिथेच नापास. सर खुर्चीतून घसरले. तिने खांदे हलवून हाका मारल्या. श्वास जाणवेना, पण श्वास रोखण्यात सरांचा हातखंडा होता. “काय नट आहे म्हातारा!” मागून कोणीतरी खुसखुसलं. तिने मानेवर बोटं टेकवली. नाडी लागेना. की आपणच चुकीच्या जागी चाचपतोय? बाहुली कोपऱ्यात पडली होती. तिने सरांच्या छातीवर तळवे रोवले. बरगडी कटकन मोडली. मागचं हसू विझलं. “ओरडा ना, सर,” दाबता दाबता ती विनवत राहिली, “नापास करा मला!”