थोरल्याचा लॅपटॉप

"कुणी हात लावू नका. मला उचलून बघू दे," थोरला म्हणाला.

सेल्समनने राखाडी लॅपटॉप काउंटरच्या कडेला सरकवला. थोरल्याने व्हीलचेअर पुढे घेतली. डाव्या हाताने उजवा हात उचलून वर ठेवला, बोटं लॅपटॉपखाली घातली. मग कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवून तो ओढला, क्षणभर तोलला आणि मांडीवर उतरवला. आदळला नाही. अलगद.

आईने पुढे केलेले हात मागे घेतले.

"जमलं की रे, दादा!" धाकटी ओरडली. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"जमणारच. कम्प्युटर सायन्सला अ‍ॅडमिशन मिळालीय, हमालीला नाही." त्याला धाप लागली होती, पण तो हसत होता. "आई, बघितलंस ना? बॅगेतून मांडीवर, मांडीवरून बाकावर. कॉलेजात कुणाला हाक मारायला नको."

"एक किलोसुद्धा भरत नाही हा," सेल्समन म्हणाला. "याच्याइतका हलका दुसरा नाही आमच्याकडे."

वडील शेजारच्या काळ्या लॅपटॉपपाशी उभे होते. त्यांनी बोटाच्या पेराने तो ठोकून बघितला. "हा कसा आहे?"

"तो दणकट, काका. वजनाला दुपटीहून जास्त, पण मेमरी वाढवता येते, बॅटरी बदलता येते. सात-आठ वर्षं बघायला नको. हलक्यात सगळं आतल्या आत चिकटवलेलं असतं. आज आहे तेवढंच. तीन-चार वर्षांनी मंद पडणार. किंमत म्हणाल तर दोन्हींची सारखीच."

"चालेल," थोरला म्हणाला. "मला तीन-चार वर्षं पुरेत."

आई-वडिलांनी एकमेकांकडे पाहिलं. आपलंच काही चुकलं असं सेल्समनला वाटलं. तो घाईघाईने म्हणाला, "आणि तोपर्यंत हातही बरा होईलच की."

"होईल ना," आई म्हणाली.

"नाही होत, आई." थोरल्याने सेल्समनलाच समजावून सांगितलं, वस्तू दाखवावी तसं. "हा आजार वाढतच जातो. आधी पाय, मग हात, शेवटी श्वास. माझंही सगळं आतल्या आत चिकटवलेलंय. बदलून मिळत नाही."

"काहीतरी अभद्र बोलू नकोस," वडील म्हणाले. काळ्या लॅपटॉपवरचा हात त्यांनी काढला नव्हता. "सात-आठ वर्षं म्हणालात ना?"

"आरामात."

"मग हाच द्या. आमची छोटी आता नववीत आहे. तिचं कॉलेज सुरू होईल तेव्हा..." एवढं बोलून ते थांबले.

थोरला त्यांच्याकडे बघत राहिला. "बाबा, तो मला उचलवणार नाही."

"तुला कशाला उचलायला हवाय? आई आहे ना."

"वर्गात?"

"मी बाहेर बसेन रे बाळा, व्हरांड्यात," आई म्हणाली. "तू नुसती हाक मार."

"हाक मारायला नको म्हणून तर..." त्याने वाक्य सोडून दिलं. "बाबा, लॅपटॉप माझ्यासाठी घेतोय ना आपण?"

"मग कुणासाठी? तुझ्यासाठीच. पण एकदाच घ्यायची वस्तू आहे, पुढचा विचार करूनच घ्यायला हवी. घरात दोन मुलं आहेत."

"मला नकोय दादाचा," धाकटी म्हणाली.

"तू गप्प बस. तुला काय कळतंय त्यातलं?"

आईने नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलाच्या मांडीकडे. तिने तोंड उघडलं. "काळा बरा पडतो," ती म्हणाली. "मळत नाही."

सेल्समन काउंटरला वळसा घालून आला आणि त्याने वाकून राखाडी लॅपटॉपला हात घातला. थोरल्याने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. ओढावा लागला नाही. हातांत तेवढा जोरच नव्हता.

काळ्याचं नवीन खोकं आलं. सेल्समनने तो काउंटरवर उघडून चालू केला. "इथेच सगळं करून देतो, म्हणजे घरी तुम्हाला त्रास नको. हा बोटाच्या ठशाने उघडतो. ठेव रे भाऊ बोट."

थोरल्याचा हात वर यायला वेळ लागला. बोट टेकलं आणि घसरलं. पुन्हा टेकलं. सेल्समन मान तिरकी करून स्क्रीनकडे बघत राहिला. मागे एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं.

"छोटी, तू ठेव," वडील म्हणाले.

"दोघांचंही घेता येतं, काका," सेल्समन हळूच म्हणाला. "जरा थांबू. भरपूर जागा असते त्यात."

"कशाला? मग नंतर त्याचा ठसा पुसत बसा. तो पासवर्ड टाकेल."

धाकटीने दोन्ही हात पाठीमागे लपवले होते. आईने त्यातला उजवा सोडवून पुढे आणला.

धाकटीने बोट ठेवलं. स्क्रीनवरच्या ठशातल्या दोन-तीन रेघा निळ्या झाल्या आणि तिथेच थांबल्या. ती रडवेली होऊन भावाकडे बघू लागली.

"उचल आणि परत ठेव," थोरला म्हणाला. "जरा तिरकं धर. बोटाच्या कडाही लागतात त्याला."