अंगी न लागणारं दूध

दूधपावडरीच्या डब्यात आजीनं आतून पेन्सिलीची बारीक रेघ मारली. सून रोज किती पावडर काढते, ते आता कळणारच होतं.

तीन महिन्यांची नात वाळून काडी झाली होती. बाटल्या मात्र रिकाम्या होत होत्या. मग दूध जातं कुठं? सून म्हणजे सख्ख्या भावाची लेक, पण संशय एकदा डोक्यात शिरला की नातं कोण बघतो! आजी चोरून बाटलीतलं दूध चाखायची. मोरीचा वास घ्यायची. दुपट्यांवरची तेलकट, पांढुरकी शी निरखायची.

आजी रोज नवी रेघ मारायची, आणि पावडर ठरल्याप्रमाणे तिच्याखाली जात होती. तरी आजीचं समाधान होईना.

"ओतून देत असेल," ती मुलाला म्हणाली. "एक शब्द बोलत नाही बघ. चोराच्या मनात चांदणं! उद्यापासून पोर माझ्या खोलीत झोपेल."

"आत्या, तिला माझ्यापासून तोडू नका हो," सून रडत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आजी मुद्दाम सोबत गेली. सुनेचं बिंग फुटताना तिला ऐकायचं होतं.

"दूध पोटभर मिळतंय बाळाला," डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघत म्हणाल्या. "ते अंगी लागत नाहीये. लिव्हरमध्ये पित्ताचं आम्ल बनतं. एक एन्झाइम त्याला छोटासा रेणू जोडतं, तेव्हा कुठं ते दुधातली चरबी नीट पचवतं. हिच्या लिव्हरमध्ये ते एन्झाइम कामच करत नाही. तो रेणू आधीच जोडलेलं आम्ल आपण औषध म्हणून देऊ. वजन धरेल पोरगी."

"आईकडूनच आलं असणार हे!" आजी हेका सोडेना.

"आई आणि बाप, दोघांकडून. नात्यात लग्नं झाली की असं जुळून येतं. आजी, तुमचं लग्न?"

"माझंही नात्यातलंच."

"मग घरात आधी असं एखादं बाळ गेलंय?"

"नाही," सून लगेच म्हणाली.

आजीनं सुनेचा हात घट्ट धरला.

"तुझ्या नवऱ्याआधी मला एक मुलगी झाली होती गं. सासूबाई म्हणाल्या, तू उपाशी मारलीस तिला. आणि पस्तीस वर्षं मी ते खरं मानत आले."