दिव्यांचा तक्ता

संकेतने तक्ता शेडच्या दाराशी चिकटवला आणि दोन पावलं मागे सरकून बघितला. पाच आठवडे दिवे कसे ठेवायचे, ते सगळं त्यात होतं. शुद्ध मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. कामाच्या सूचना तो कुणाला तोंडी द्यायचा नाही. तोंडी सांगितलेलं लोक विसरतात, असं त्याचं म्हणणं.

"या भागात एक तरी मराठी घर मिळालं, आजी. सुटलो मी."

"अक्षर मोत्यासारखं आहे, कण्णा," सईबाई लाडाने म्हणाली.

सईबाईचं घराणं तंजावरचं, कैक पिढ्यांपासून इकडचंच. संकेत सांगलीचा, चेन्नईत येऊन त्याला चार महिने झालेले. ब्रॉयलरची कंपनी पिल्लं आणि खाद्य द्यायची, शहराबाहेर सिरुसेरीच्या पलीकडचे सईबाईसारखे लोक ती पाच आठवडे वाढवून परत द्यायचे, आणि संकेत मोटरसायकलवरून सगळ्यांवर लक्ष ठेवायचा. मागची बॅच त्याच्या देखरेखीत लंगडी निघाली होती. कंपनीच्या शेषगिरी साहेबांनी बजावलं होतं, हीपण तशीच निघाली तर सांगलीचं तिकीट काढायचं.

संकेतला काळजी नव्हती. कोंबडीचं वजन दिव्याच्या बटणात असतं, असं तो ज्याला त्याला सांगायचा.

दर मंगळवारी सकाळी अकराला तो यायचा. शेडला भिंतींच्या जागी जाळी, ऊन थेट आत. दिवे रात्रीचं काम, दिवसा बंदच.

तक्त्याप्रमाणे चाललंय ना, एवढंच तो विचारायचा. तू इतकं लिहिलंस ते काय उगीच, असं म्हणून सईबाई गोष्ट सुरू करायची. तिच्या आजोबांचा कोंबडा म्हणे असा वेळेवर आरवायचा, की एग्मोर स्टेशनातलं घड्याळ त्याच्यावर लावायचे. एकदा त्याला पडसं झालं आणि त्या दिवशी सगळ्या गाड्या उशिरा सुटल्या. संकेत हसत हसत दहा पिल्लं उचलून काट्यावर ठेवायचा.

दुसऱ्या आठवड्यात वजन ठरल्यापेक्षा पुढे गेलं. तिसऱ्यात आणखी पुढे. पाय खणखणीत, टोचाटोची नाही. त्याने दिलेले मोठे बल्ब तर नव्यासारखे दिसत होते, एकाही काचेवर किडा चिकटलेला नाही. आजी रोज पुसतात, असं तो बाकीच्या शेडवाल्यांना ऐकवायला लागला.

पस्तिसाव्या दिवशी लॉरी आली. मागोमाग शेषगिरी साहेब स्वतः आले. सरासरी सव्वादोन किलो भरली. लंगडी एकही नाही.

शेषगिरी साहेब सहसा कुणाचं कौतुक करत नसत. त्यांनी संकेतच्या खांद्यावर हात ठेवला. नोकरी पक्की, म्हणाले, आणि उद्यापासून हाच तक्ता साठच्या साठ शेडमध्ये लावायचा. फक्त तो तमिळमध्ये हवा. त्यांनी खिशातून डायरी काढली आणि सईबाईला तमिळमध्ये आजी म्हणून हाक मारली.

"पाट्टी, तुम्हीच सांगा. मी उतरवून घेतो."

सईबाई तक्त्यासमोर उभी राहिली. हात मागे बांधून तिने ठसक्यात तमिळमध्ये सांगायला सुरुवात केली. पहिला आठवडा भरपूर उजेड, पिल्लांना खाणंपाणी दिसायला हवं. नंतर मोठे बल्ब बंद, झीरोचे लावायचे. रात्री दहाला तेही बंद, पहाटे चारला पुन्हा चालू. मधले सहा तास किट्ट काळोख.

संकेतला तमिळ धड बोलता येत नसलं तरी आकडे कळत होते. तो तिच्या शेजारी सरकला.

"आजी, हे कुठे वाचताय तुम्ही?" त्याने हळूच विचारलं.

"आम्ही बोलतो मराठी, कण्णा. वाचतो फक्त तमिळ," तीही हळूच म्हणाली. "तू एवढ्या हौसेनं लिहिलंस, नाही कसं म्हणू? मी दहाला निजते, चारला दारात कोलमची रांगोळी काढायला उठते. म्हटलं, कोंबडीलाही झोप नको?"

शेषगिरी साहेबांनी डायरीतून मान वर केली. हे सगळं तूच ठरवलंस ना, त्यांनी विचारलं.

"हो सर," संकेत म्हणाला आणि त्याने तक्ता दारावरून काढून घेतला. पाचही आठवड्यांपुढे त्याने एकच लिहिलं होतं: सगळे मोठे दिवे, रात्रभर चालू.