लाल सवत

गाडी विकत घ्यायला आलेल्या दातांच्या डॉक्टरने दार उघडलं आणि सवयीप्रमाणे मान तिरकी करून आत वाकून पाहिलं.

"किडलेलं काही दिसत नाही," तो म्हणाला.

चीफ कसनुसं हसले. लाल रंगाची, दोन सीटची, छप्पर मागे दुमडणारी ती स्पोर्ट्स कार त्यांनी तरुणपणी मोठ्या हौसेने घेतली होती. ती दारात आली त्याच दिवशी बायकोने तिचं नाव 'सवत' ठेवलं होतं आणि ते घरात कायमचं चिकटलं. आज ती सवत घराबाहेर जाणार होती. चीफ गॅरेजच्या दाराला टेकून उभे होते.

चीफ मालवाहू बोटीवर चीफ इंजिनिअर होते. वर्षातला निम्मा काळ पाण्यावर. या खेपेला बोटीवर जरा उसंत मिळाली की त्यांच्या डोक्यात एकच विषय घोळायचा. आईचे गुडघे गेले होते. व्यायामासाठी तिला सारखं दवाखान्यात न्यावं लागायचं. आणि सवत इतकी बुटकी, की तिच्यात बसणं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच बसणं. उंच, ऐसपैस गाडी हवी होती. हिला ठेवून दुसरी घ्यावी, तर गॅरेज एकाच गाडीचं. सवतीला बाहेर उन्हात, कबुतरांच्या तावडीत उभी करण्यापेक्षा चांगल्या घरी दिलेली बरी.

बायको फोनवर म्हणाली होती, "विकू नका हो. हवी तर दुसरी घ्या, पण हिला राहू दे."

नवऱ्याच्या हौसेपायी बिचारी सासूला घेऊन टॅक्सी शोधत फिरते आणि वर असं म्हणते, या विचाराने चीफना भरून आलं होतं. विकायचं त्यांनी तेव्हाच पक्कं केलं. आईला मात्र कोणी काही सांगितलं नव्हतं. आपल्या गुडघ्यांमुळे मुलाची गाडी गेली, हे तिच्या मनाला लागलं असतं.

"टायर नवे दिसतात," डॉक्टर म्हणाला.

चीफनी बायकोकडे पाहिलं. ती पायरीवर उभी होती, किल्ली मुठीत घट्ट धरून.

"उभ्या गाडीचेही टायर खराब होतात. तुम्हीच म्हणाला होतात," ती म्हणाली.

ते खरंच होतं. बोटीवर जाताना चीफ दर वेळी घरातही इंजिनरूममधल्यासारख्या सूचना देऊन जायचे. इंजिन आठवड्यातून एकदा थोडा वेळ चालू ठेवायचं. जागेवरच. गेटबाहेर काढायची नाही. बायको निमूटपणे मान डोलवायची. सवतीची एवढी सेवा करणारी बायको शोधून सापडणार नाही, असं चीफना प्रत्येक वेळी वाटायचं.

डॉक्टर स्टिअरिंगमागे बसायला गेला आणि त्याचे गुडघे फाटकन आपटले. सीट पार पुढे ओढलेली होती.

"गाडी चालवतं कोण?" त्याने कळवळत विचारलं.

"कोणी नाही. उभीच असते," चीफ म्हणाले.

डॉक्टर गुडघा चोळत बाहेर आला. गाडी त्याच्या मनात भरली होती, हे तोंडावर दिसत होतं. चीफनी मन घट्ट केलं आणि किल्लीसाठी बायकोपुढे हात केला. किल्ली काही मुठीतून सुटेना.

तेवढ्यात काठी टेकत आई बाहेर आली. तिची व्यायामाची वेळ झाली होती. गाडीची दारं उघडी बघून ती कोणाकडेही न पाहता थेट गाडीपाशी गेली. गाडीकडे पाठ केली. दाराच्या कडेला धरून अलगद मागे बसली, आणि दोन्ही पाय एकदम उचलून आत घेतले. काठी सीट आणि दाराच्या मधल्या फटीत नेमकी सरकवली. पट्टा लावला. समोरचा कप्पा उघडून काळा चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला.

"चल गं सूनबाई," ती म्हणाली. "आणि आज छप्पर का नाही उघडलंस?"

डॉक्टरने उगाचच घड्याळ पाहिलं.

"आई, तुला तर वाकताच येत नाही ना?" चीफनी कसंबसं विचारलं.

"वाकायचं कशाला? पाठ करून बसायचं. पाय येतात मागून."

चीफ बायकोकडे वळले. ती लाजली होती, पण फार नाही.

"इंजिन चालू ठेवा म्हणालात," ती म्हणाली. "जागच्या जागी धूर काढत बसायचा मला कंटाळा आला. एकदा गेटबाहेर काढली. मग आईच म्हणाल्या, पुढच्या चौकापर्यंत जाऊ."

रागवायचं चीफच्या मनातसुद्धा आलं नाही. बोटीवर इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलून समुद्रात टाकला होता. त्यांनी डॉक्टरचा हात हातात घेऊन दोनदा माफी मागितली, गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं आणि त्याला गेटपर्यंत पोचवून ते जवळजवळ धावतच परत आले.

"दे ती किल्ली," ते आनंदाने म्हणाले. "आज आईला मी नेतो."

पण बायको तोवर आत बसली होती. छप्पर मागे गेलं होतं. सीट तिला हलवावी लागली नाही, आरशाला हातही लावावा लागला नाही.

"अगं, मग मी?" चीफ म्हणाले.

"तुमच्यासाठी घ्या की एक नवी," गाडी सुरू करत ती म्हणाली. "पण ती बाहेर उन्हात लावा हं. गॅरेज आमच्या गाडीचं आहे."